आसगावचा सेंटर फॉरवर्ड : नेव्हिल डिसूझा आणि मेलबर्न १९५६

(नंदुरबार येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटची प्रश्नोत्तरं थोडी संक्षिप्त केली आहेत.)



विषय फुटबॉलचा आहे हे कळल्यावर सभागृह अर्धं तरी भरेल का, अशी शंका आम्हाला होती. ते भरलं आहे, आणि मागच्या बाजूला शाळेचा गणवेश घातलेली मुलं-मुली उभी आहेत. पोरांनो, पुढे या, खाली सतरंजीवर जागा आहे. बोलायचं आहे ते तुमच्याच खेळाबद्दल. पण आज खेळ शिकवायचा नाही. आजचा प्रश्न इतिहासाचा आहे. एखाद्या खेळाडूची कारकीर्द संपली, बूट खुंटीला लागले, तर मागे काय उरतं? आणि जे उरतं त्यावरून आपण त्याचा इतिहास लिहू शकतो का?

सुरुवात जरा लांबून करतो. कॅनडात क्रिस्टीन सिंक्लेअर नावाची फॉरवर्ड होऊन गेली. होऊन गेली म्हणजे आहे, फक्त निवृत्त झाली. सोळाव्या वर्षी, मार्च २००० मध्ये, देशाकडून पहिली मॅच खेळली. डिसेंबर २०२३ मध्ये व्हँकुव्हरला देशासाठीची शेवटची. मध्ये ३३१ आंतरराष्ट्रीय सामने आणि १९० गोल. बाई असो की पुरुष, देशासाठी इतके गोल जगात दुसऱ्या कुणाचे नाहीत. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात तिने अमेरिकेविरुद्ध तीन गोल केले, कॅनडा तीनदा पुढे गेलं, आणि तरीही ४-३ असं हरलं. हे सगळं आम्हाला कसं माहीत? आम्ही कॅनडाला गेलेलो नाही. कॅनडाचा लाडका खेळ आइस हॉकी, फुटबॉल नव्हे. तरीही या बाईंचा प्रत्येक गोल कुठल्या मैदानावर, कुठल्या मिनिटाला, कुणाच्या पासवर झाला हे आज नंदुरबारात बसून मोबाईलवर सापडतं. आपल्या गावातल्या मागच्या वर्षीच्या मॅचचा स्कोअर मात्र सापडत नाही.

आता आपल्याकडचा माणूस. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोलांची हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. भारतीयांपुरतं बोलायचं तर पहिला आणि आजवरचा एकमेव, कारण १९६० च्या रोमनंतर भारताचा फुटबॉल संघ ऑलिंपिकला गेलेलाच नाही. नाव नेव्हिल डिसूझा. जन्म ३ ऑक्टोबर १९३२, आसगाव, तालुका बार्देश, गोवा. खेळला मुंबईत. गेला १९८० च्या मार्चमध्ये, वय अवघं ४७. हात वर करा, कुणी हे नाव ऐकलं होतं? ... दोन. तीन. बरं. मुंबईत हाच प्रश्न विचारला होता तेव्हाही फार हात वर आले नव्हते, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

आसगाव म्हापशाजवळ. त्याच बार्देशात शिवोली नावाचं गाव आहे. १८८३ साली विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्र्याने गोव्यात फुटबॉल आणला तो तिथेच, असं सांगितलं जातं. म्हणजे राज्य पोर्तुगीजांचं आणि खेळ इंग्रजांचा. पुढे चर्च आणि शाळा जिथे तिथे फुटबॉल, हे गोव्याचं समीकरण झालं. पावसाळा संपला, भात कापलं, की रिकाम्या शेतात बांबूचे दोन खांब उभे राहायचे.

पण गोव्यात नोकऱ्या कुठे होत्या? गोव्याची माणसं मुंबईला आली. बोटीवर तारवटी म्हणून, हॉटेलात, बँडमध्ये, गोदीत, कंपन्यांच्या ऑफिसांत. धोबीतलावला जेर महल म्हणून जुनी इमारत आहे, तिथे गावागावांचे 'कूड' होते. कूड म्हणजे गावाने मिळून घेतलेली खोली. त्या गावचा माणूस बोटीवरून उतरला की तिथे पथारी टाकायची, सकाळी नोकरी शोधायला बाहेर पडायचं. खानदेशातून सुरतेला किंवा पुण्याला मजुरीला जाणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं सांगायला नको. फरक इतकाच की गोव्याच्या या माणसांनी ट्रंकेबरोबर फुटबॉलही आणला. माझगाव, भायखळा, वांद्रे, धोबीतलाव या पट्ट्यात तो रुजला.

मुंबईच्या फुटबॉलचं घर म्हणजे कूपरेज. रोव्हर्स कप ही स्पर्धा १८९१ साली सुरू झाली, ती आधी गोऱ्या पलटणींची. पलटणी गेल्यावर मैदानावर आल्या कंपन्या. टाटा, कॅल्टेक्स, पुढे मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया, बँका. त्या काळात आपल्याकडे फुटबॉल खेळून उघड पगार मिळत नसे. कंपनी नोकरी द्यायची आणि खेळाडू कंपनीच्या संघाकडून खेळायचा. दिवसा कारकुनी, संध्याकाळी सराव. नेव्हिल कॅल्टेक्सकडून आणि टाटांकडून खेळला. कॅल्टेक्स ही तेल कंपनी. १९५८ साली तिच्या संघाने रोव्हर्स कप जिंकला. कलकत्ता आणि हैदराबादच्या संघांची मिरास असलेला तो करंडक एका तेल कंपनीच्या नोकरदारांनी मुंबईत ठेवला, ही त्या वेळी लहान गोष्ट नव्हती. पुढे १९७६ मध्ये सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली आणि ती हिंदुस्तान पेट्रोलियममध्ये विलीन झाली. संघाचं नावही त्याबरोबर पुसलं गेलं. रोव्हर्स कप स्वतः २००० नंतर बंद पडला. कंपनी नाही, संघ नाही, स्पर्धा नाही. मग त्या संघाच्या गोलांच्या वह्या कुणाच्या कपाटात शोधायच्या?

त्याआधी १९५४ ची संतोष ट्रॉफी. राष्ट्रीय अजिंक्यपद. मद्रासला मुंबईने सर्व्हिसेसला २-१ असं हरवून पहिल्यांदा ती जिंकली. नेव्हिल त्या संघात होता. इथे आम्हाला एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. १९५४ साली तुमचं नंदुरबार कुठे होतं? पश्चिम खानदेश जिल्ह्यात. आणि पश्चिम खानदेश मुंबई राज्यात. नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला १ जुलै १९९८ ला, महाराष्ट्र आला १९६० ला. तेव्हा करंडकावर कोरलेलं 'मुंबई' हे नाव शहराचं आणि तुम्ही ज्या राज्यात होतात त्याचंही. आता खरं सांगायचं तर तोरणमाळच्या माणसाला त्या करंडकाची खबरही लागली नसणार. मात्र कागदाच्या हिशेबाने तो विजय थोडासा तुमच्याही खात्यावर आहे. [हशा]

आता १९५६ कडे येऊ. पण मेलबर्नला जाण्याआधी त्या वर्षाचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवा, कारण तो विलक्षण आहे.

ऑगस्ट १९५५. गोवामुक्तीसाठी देशभरातून सत्याग्रही सीमेवर गेले. पोर्तुगीजांनी गोळीबार केला, वीसहून जास्त माणसं मेली. भारताने गोव्याशी असलेले संबंध जवळजवळ तोडले, नाकेबंदी केली, रेल्वे बंद. नातेवाईक इकडे-तिकडे अडकले. त्यानंतर सव्वा वर्षाने एक माणूस भारताची जर्सी घालून ऑलिंपिकच्या मैदानात उतरतो, आणि त्याचं जन्मगाव त्या दिवशी कागदोपत्री पोर्तुगालमध्ये आहे! भारतीय सैन्य गोव्यात शिरलं ते डिसेंबर १९६१ मध्ये. म्हणजे नेव्हिल डिसूझाने देशासाठी हॅटट्रिक केली तेव्हा त्याचं गाव देशात यायला अजून पाच वर्षं होती.

दुसरी गोष्ट. संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. हैदराबादचे, पेशाने शिक्षक. सगळे त्यांना रहीमसाहेब म्हणत. त्यांच्या हैदराबाद पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप कूपरेजवर येऊन नेला होता. मेलबर्नच्या संघात हैदराबादची बरीच मुलं होती. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, हैदराबाद राज्य नावाची गोष्टच संपली. मराठवाडा मुंबई राज्यात आला, तेलंगण आंध्रात गेलं, उरलेला भाग म्हैसूरला. बरोबर एक महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नची मॅच. इकडे मुंबईत संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलेलं. त्या वर्षाच्या मराठी वर्तमानपत्रांचं पहिलं पान कशाने भरलेलं असायचं हे तुम्हाला सांगायला नको. फुटबॉलला जागा मिळाली तर आतल्या पानावर, खाली.

आणि जगात? ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हंगेरीत उठाव झाला, सोव्हिएत रणगाड्यांनी तो चिरडला. त्याच सुमारास सुएझ कालव्यावरून इजिप्तवर हल्ला. ऑलिंपिक फुटबॉलच्या ड्रॉमध्ये सोळा संघ होते. हंगेरी, इजिप्त, तुर्कस्तान, चीन, दक्षिण व्हिएतनाम यांनी माघार घेतली, उरले अकरा. भारताची पहिली मॅच कुणाशी होती? हंगेरीशी. १९५२ च्या ऑलिंपिक विजेत्यांशी. ती झालीच नाही. भारत न खेळता पुढच्या फेरीत.

इथे आम्हाला थोडं कडू बोलावं लागेल. 'भारत १९५६ साली जगात चौथा होता' हे वाक्य तुम्ही समाजमाध्यमांवर वाचलं असेल. असं म्हणू नये. ऑलिंपिकमध्ये तेव्हा फक्त हौशी खेळाडू चालायचे. इंग्लंड, इटली, ब्राझीलचे व्यावसायिक खेळाडू तिथे नव्हतेच. पूर्व युरोपचे देश आपल्या उत्तम खेळाडूंना सैन्यात किंवा सरकारी नोकरीत दाखवून हौशी म्हणत, म्हणून तेच जिंकायचे. अकरा संघांत भारत चौथा आला, एका सामन्यात प्रतिस्पर्धी आलाच नाही, आणि जिंकलेला सामना एकच. हे सगळं खरं. पण उलट्या टोकाला जाऊन 'नशिबाने मिळालं' असंही म्हणू नये. ते का, ते आता बघा.

आठ वर्षं मागे जाऊ. लंडन १९४८. भारताचे बहुतेक खेळाडू अनवाणी, पायाला पट्ट्या बांधून खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे हरले. दोन पेनल्टी वाया गेल्या. हेलसिंकी १९५२. थंडी, ओलं मैदान, पुन्हा बरेच जण अनवाणी. युगोस्लाव्हियाने १०-१ असा धुव्वा उडवला. दहा! त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. रहीमसाहेबांनी बूट तर घातलेच, पण पायाबरोबर डोकंही बदललं. हैदराबादी खेळ म्हणजे छोटे पास, चेंडू जमिनीवर, एक स्पर्श करून सोडायचा. अंगाने थोराड युरोपियनांशी खांद्याला खांदा लावून जिंकणं शक्य नव्हतं, म्हणून चेंडूला पळवायचं, माणसाने कमी पळायचं. उजव्या बगलेला प्रदीपकुमार बॅनर्जी, म्हणजे पीके, वय वीस. तुलसीदास बलराम त्याच्याही बरोबरीचा पोरगा. मधल्या फळीत केम्पय्या, नूर महंमद. कर्णधार समर बॅनर्जी, सगळे त्यांना बद्रू म्हणत. गोलरक्षक दोन, थंगराज आणि नारायण. या एस. एस. नारायण यांचं फुटबॉल मुंबईचंच. ते पुढे ठाण्यात राहिले आणि २०२१ साली वारले. आणि या सगळ्यांच्या पुढे, मध्यभागी, नेव्हिल.

सेंटर फॉरवर्ड म्हणजे काय, हे मुलांसाठी सांगतो. कबड्डीत चढाई करणारा एकटा समोरच्या अंगणात जातो, सात जण त्याला धरायला टपलेले. सेंटर फॉरवर्डचं तसंच. अख्खी मॅच तो परक्या माणसांच्या घोळक्यात उभा असतो. नव्वद मिनिटांत चेंडू त्याच्यापर्यंत नीट येतो तो पाच-सात वेळा. त्यातल्या एका-दोन वेळांवर त्याची इज्जत. बाकी वेळ लोक म्हणणार, हा उभाच आहे.

१ डिसेंबर १९५६. मेलबर्नचं ऑलिंपिक पार्क. समोर यजमान ऑस्ट्रेलिया, ज्यांनी आधी जपानला २-० हरवलेलं. नवव्या मिनिटाला नेव्हिलचा पहिला गोल. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा. एक्केचाळिसाव्याला पुन्हा मॉरो, पुन्हा बरोबरी. मध्यंतराला २-२. परक्या देशात, त्यांच्या प्रेक्षकांसमोर, दोनदा पुढे गेलात आणि दोनदा पकडले गेलात. ज्यांनी मॅच खेळली आहे त्यांना हे ठाऊक आहे की अशा वेळी दुसऱ्या हाफमध्ये पाय जड होतात. पन्नासाव्या मिनिटाला, म्हणजे मध्यंतरानंतर पाचच मिनिटांत, नेव्हिलचा तिसरा. आणि ऐंशीव्या मिनिटाला कृष्णस्वामी, ज्यांना सगळे किट्टू म्हणत, त्यांचा चौथा. ४-२.

आता ही आकडेवारी मी, म्हणजे आम्ही, तुम्हाला मिनिटांसकट सांगू शकलो. कारण ऑलिंपिक समितीने नोंद ठेवली. भारतात कुणी ठेवली म्हणून नव्हे.

४ डिसेंबर. उपांत्य फेरी, मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर. समोर कोण? तेच युगोस्लाव्हिया. चार वर्षांपूर्वीचे १०-१ वाले. पूर्वार्ध संपला तेव्हा स्कोअर ०-०. मंडळी, या शून्याकडे जरा थांबून बघा. हेलसिंकीत ज्यांनी दहा मारले त्यांना पंचेचाळीस मिनिटं एकही मारता आला नाही. आणि मग बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला, तो भारताचा. पुन्हा नेव्हिल. १-०.

चोपन्नाव्या मिनिटाला पापेच नावाच्या खेळाडूने बरोबरी केली. सत्तावन्नाव्याला वेसेलिनोविच. पासष्टाव्याला पुन्हा पापेच. अठ्ठ्याहत्तराव्याला आपल्याच सलामच्या पायाला लागून चेंडू आपल्याच जाळ्यात. ४-१. संपलं.

बावन्न ते चोपन्न. साधारण दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत भारत ऑलिंपिक फुटबॉलच्या अंतिम सामन्यात होता, निदान रौप्यपदक हातात होतं. आम्हाला विचाराल तर भारतीय फुटबॉलच्या सगळ्या इतिहासात इतकी उंच जागा दुसरी नाही. १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णपदकं मोठी आहेत, पदकं म्हणून जास्तच मोठी. पण उंची वेगळी. ज्या युगोस्लाव्हियाने आपल्याला हरवलं ते अंतिम सामन्यात लेव्ह याशिनच्या सोव्हिएत संघाकडून फक्त १-० असं हरलं. म्हणून म्हणतो, नशिबाचा भाग हंगेरीपुरता. पुढचं सगळं पायाने कमावलेलं.

७ डिसेंबरला कांस्यपदकासाठी बल्गेरियाशी सामना झाला, ३-० ने हरलो. त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, संघ थकला होता असं आमचं मत. स्पर्धेत सर्वांत जास्त गोल कुणाचे? चार-चार गोल तिघांचे. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच, बल्गेरियाचा मिलानोव्ह, आणि आसगावचा डिसूझा.

मायदेशी परत आल्यावर काय झालं? ऑफिस. हजेरीच्या मस्टरवर सही. नेव्हिल मुंबईत खेळत राहिला, त्याचा भाऊ डेरेक हाही भारताकडून खेळला. रहीमसाहेबांनी १९६२ ला जकार्तात सुवर्ण मिळवलं आणि १९६३ ला कर्करोगाने गेले. त्यांच्यावर अलीकडे, २०२४ साली, 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट आला, तो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. पीके, चुनी गोस्वामी, बलराम या तिघांची नावं टिकली. ती टिकलीच पाहिजेत. पण ती टिकली त्याचं एक कारण कलकत्ता आहे. तिथे फुटबॉलवर लिहिणारे होते, वाद घालणारे होते, जुन्या गोलांची उजळणी करणारे म्हातारे चहाच्या दुकानात बसलेले होते. मुंबईने सगळं लिखाण क्रिकेटला वाहिलं. गोव्याने नेव्हिलला आपला म्हणावं तर तो गोव्याच्या कुठल्या मोठ्या क्लबचा नव्हता, मुंबईच्या कंपन्यांचा होता. मराठी वाचकाने आपला म्हणावं तर आडनाव डिसूझा! हे बोलायला बरं वाटत नाही, पण तसं घडलं. तो सगळ्यांचा होता, म्हणून कुणाचाच राहिला नाही.

अर्जुन पुरस्कार १९६१ साली सुरू झाला. फुटबॉलचा पहिला मिळाला पीकेंना, आणि योग्यच मिळाला. पुढच्या वर्षी बलराम, मग चुनी. नेव्हिलचं नाव त्या यादीत कधीच आलं नाही. ना कर्णधार बद्रूंचं. बद्रूदा २०२२ पर्यंत होते, नव्वदी पार करून गेले.

आता आमच्या फजितीची गोष्ट. आम्ही दोघांनी, म्हणजे आज इथे नसलेले आमचे सहकारी आणि आम्ही, ठरवलं की नेव्हिलने मुंबईच्या लीगमध्ये एकूण किती गोल केले ते मोजायचं. सोपं वाटलं होतं. एका जुन्या क्रीडा संस्थेत गेलो, नाव घेत नाही. तिथल्या गृहस्थांनी चहा पाजला, पन्नासच्या दशकातली रजिस्टरं मागितल्यावर म्हणाले, रंगकाम केलं तेव्हा रद्दीवाल्याला दिली. किलोवर. आम्ही चहा प्यायलो आणि उठलो. मग ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या फायली. पानं इतकी कुरकुरीत की उलटताना हातात तुकडा येतो. सामन्याची बातमी असते तर गोल करणाऱ्याचं नाव नसतं. नाव असतं तर 'डिसूझा' एवढंच, आणि मुंबईच्या फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन डिसूझा असायचे! एकदा तर समोरासमोर दोन्ही संघांत डिसूझा. अडीच महिन्यांनी आम्ही ते मोजणं सोडलं.

म्हणून आज आम्ही तुम्हाला नेव्हिल डिसूझाची कारकीर्द म्हणून जे सांगतोय ते खरं तर एका आठवड्याचा इतिहास आहे. १ डिसेंबर ते ७ डिसेंबर १९५६. सिंक्लेअरबाईंचे १९० गोल मोजलेले आहेत आणि नेव्हिलचे चार. बाकीची दहा-बारा वर्षं, कूपरेजवरच्या शेकडो संध्याकाळी, चिखल, गर्दी, शिट्ट्या, ते सगळं त्या रद्दीत गेलं. गोल झाले होते. लिहिलेले राहिले नाहीत.

आणि आम्ही हे नंदुरबारला का सांगतो? काल संध्याकाळी आम्ही इथे एका मैदानावर मुलांचा सराव पाहिला. वसावे, पाडवी, वळवी, गावित, पावरा अशी नावं. एका डाव्या पायाच्या मुलीने कोपऱ्यातून मारलेला चेंडू आम्ही विसरणार नाही. डोंगरात वाढलेल्या पोरांच्या दमाबद्दल इथे येऊन आम्ही तुम्हाला सांगावं असं काही नाही. इथले शाळेचे संघ सुब्रोतो कपच्या फेऱ्यांसाठी विभागाला नाशिककडे जातात. आम्ही सहज विचारलं, दहा वर्षांपूर्वी जिल्ह्यातून कोणता संघ गेला होता? त्यात गोल कुणी मारले? कुणाला सांगता येईना. एक जण म्हणाला, असेल कुठेतरी. हे 'असेल कुठेतरी' आम्ही मुंबईत खूप ऐकलं आहे.

नंदुरबार हे विसरणारं गाव नाही. १९४२ च्या ९ सप्टेंबरला इथे जे घडलं, शिरीषकुमार आणि त्याचे सोबती, ती नावं इथल्या लहान पोरालाही पाठ आहेत. कारण चौक आहे, स्मारक आहे, दरवर्षी फुलं वाहिली जातात. तितकं मोठं काही मॅचच्या स्कोअरसाठी नको. दोनशे पानी वही पुरते.

बरं, वेळ झाला. प्रश्न घेऊ.

प्रश्न : सर, ऑस्ट्रेलियाचा संघ तेव्हा कच्चाच होता ना? मग त्या हॅटट्रिकचं इतकं कौतुक का?

उत्तर : चांगला प्रश्न. कच्चा होता, हे मान्य. ऑस्ट्रेलियात तेव्हा हा खेळ मागेच होता. ऑलिंपिक संपल्यावर सिडनीला पुन्हा सामना झाला, तो भारताने ७-१ जिंकला. म्हणजे ४-२ हा काही अपघात नव्हता. पण तुम्ही फक्त हॅटट्रिककडे बघू नका. आमच्या मते त्याचा मोठा गोल चौथा आहे, युगोस्लाव्हियाविरुद्धचा. तो कच्च्या संघावर नव्हता. गंमत अशी की लोकांना जिंकलेल्या मॅचमधले तीन आठवतात, हरलेल्या मॅचमधला एक आठवत नाही.

प्रश्न (एका विद्यार्थिनीचा) : मुली तेव्हा खेळायच्या का?

उत्तर : १९५६ ला देशाचा महिला संघ नव्हता. तो आला सत्तरच्या दशकात. आणि बघा, जानेवारी १९८० मध्ये केरळात, कालिकतला, आशियाई महिला अजिंक्यपद स्पर्धा झाली, भारत अंतिम फेरीत गेला, उपविजेता ठरला. त्या संघात योलांडा डिसूझा नावाची फॉरवर्ड होती. गोव्याची. पुन्हा डिसूझा, पुन्हा फॉरवर्ड! त्यानंतर दोन महिन्यांनी नेव्हिल गेला. योलांडाबाईंवर स्वतंत्र व्याख्यान हवं, आणि ते आमच्यापेक्षा तुमच्यापैकीच एखादीने द्यावं. काल कोपऱ्यातून डाव्या पायाने मारणारी तूच का? ... हो ना? मग झालं.

प्रश्न (एका क्रीडाशिक्षकांचा) : वही म्हणालात, पण त्यात नेमकं लिहायचं काय? आम्हाला कुणी सांगितलेलं नाही.

उत्तर : सहा गोष्टी पुरतात, सर. तारीख, मैदान, दोन्ही संघांची पूर्ण नावं, स्कोअर, गोल कुणी केला, कितव्या मिनिटाला. नाव पूर्ण लिहा. नुसतं 'पावरा' लिहू नका, आमच्या डिसूझांसारखं होईल. वडिलांचं नाव, गाव, इयत्ता लिहिलं तर उत्तमच. शाईने लिहा, पेन्सिलीने नको. आणि वर्षाच्या शेवटी मोबाईलवर पानांचे फोटो काढून दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेवा, म्हणजे रंगकामाची भीती नाही.

तेच शिक्षक : तसं थोडंफार माझ्याकडे आहे. २००९ पासूनचं. डायऱ्यांत. पण वेडंवाकडं आहे, कुणाला दाखवलेलं नाही.

उत्तर : किती डायऱ्या?

तेच शिक्षक : चौदा असतील. घरी माळ्यावर.

उत्तर : सर, तुमचं घर कुठे आलं? आमची गाडी उद्या दुपारची आहे. सकाळी आठ वाजता येतो आम्ही. शिडी लागेल का?